छातींतील गांठी : आधीं पुरावा, मग औषध

या सदरांत आम्ही सहसा घरच्या घरीं पाळावयाच्या गोष्टींविषयीं लिहितों. पथ्य, पाणी, झोंप, लहान मुलांचीं दुखणीं हेच आमचे नेहमींचे विषय. या महिन्यांत ज्या परीक्षेविषयीं लिहावयाचें आहे ती घरांत होण्यासारखी नाहीं; परंतु ती करावी कीं करूं नये याचा निर्णय मात्र घरांतच, आणि तोहि पुष्कळदां माजघरांत, होत असतो. म्हणून तिची माहिती घरांतील वडील माणसांस, विशेषतः कर्त्या स्त्रियांस, असणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें.

निमित्त झालें तें असें. गेल्या माघांत आम्ही तानसा येथें गेलों होतों. आमचे एक वडील स्नेही शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर तलावापासून कोसभर अंतरावर आपल्या वडिलोपार्जित घरांत राहतात. आम्ही त्यांस नाना म्हणतों. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें आणि नानांची एक वृद्ध आत्या असें तें भरलें घर आहे. एरवीं आम्ही पोंचलों कीं ओटीवर गप्पांना ऊत येतो. या खेपेस मात्र सगळीं माणसें हलक्या आवाजांत बोलत होतीं. चौकशी करतां कळलें कीं धाकट्या सुनेस दीड महिन्यापासून संध्याकाळीं बारीक ताप येतो, कोरडा खोकला आहे, आणि वजन चार किलो उतरलें आहे. थुंकी तपासली, तींत जंतु सांपडले नाहींत. छातीच्या एक्स-रेंत हृदयाच्या वरच्या बाजूची सावली रुंद दिसली, म्हणून सीटी स्कॅन केला. त्याच्या अहवालांत, दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेंत लसिकाग्रंथि वाढल्या असून सर्वांत मोठी अडीच सेंटिमीटर आहे, असें आलें. तेवढ्यावरून एका डॉक्टरांनीं 'हा क्षयच' असें ठरवून सहा महिन्यांचीं औषधें लिहून दिलीं होतीं. गोळ्यांची पुडी देवघराच्या कोनाड्यांत तशीच पडून होती. कारण घरांत एकमत होत नव्हतें.

वहिनींचें म्हणणें असें, "गोळ्या सुरू करूं या. सहा महिने निमूटपणें काढले म्हणजे झालें. पण बाहेर कोणाला कळतां कामा नये. थोरल्याची मुलगी लग्नाची आहे." थोरल्या मुलाच्या मनांत कर्करोगाची भीति बसली होती. भावजयीस तडक मुंबईस न्यावें आणि छाती उघडून गांठ काढून घ्यावी, असा त्याचा आग्रह होता. नाना दोघांचें ऐकून गप्प बसले होते. आणि जिच्या छातींत ती गांठ होती तिला कोणी विचारलेंच नव्हतें. ती माजघराच्या दाराशीं उभी राहून हळूच म्हणाली, "मामंजी, औषध घ्यायला माझी ना नाहीं. पण कशाचें औषध घेतें आहें, तें तरी मला कळायला हवें."

आमच्या मतें त्या रात्रीं त्या घरांत शास्त्राला धरून असें बोलणें काय तें तेवढें एकच झालें. तें कसें, हें आतां सांगतों.

लसिकाग्रंथि या शरीराच्या चौक्या होत. रक्ताखेरीज लसिका नांवाचा एक पातळ रस अंगभर हिंडत असतो. तो या चौक्यांतून गाळला जातो, आणि त्याबरोबर आलेला जंतु किंवा बिघडलेली पेशी तेथें अडविली जाते. मानेच्या, काखेंतल्या व जांघेंतल्या ग्रंथि हाताला लागतात. छातींतल्या ग्रंथि मात्र श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस आणि जेथें तिचे दोन फांटे होतात त्या दुबेळक्याखालीं, हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या शेजारीं, दडलेल्या असतात. निरोगी ग्रंथीची आंखूड बाजू साधारणपणें एक सेंटिमीटरहून कमी असते. ती त्याहून वाढली म्हणजे चौकीवर कांहीं गडबड झाली आहे एवढेंच कळतें. चोर कोण, तें कळत नाहीं.

चोर अनेक असूं शकतात. आपल्या देशांत पहिला संशय क्षयावर जातो आणि तो योग्यहि आहे; कारण जगांतील क्षयाच्या रोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश रोगी एकट्या भारतांत आहेत. परंतु सार्कॉइडोसिस नांवाचा एक विकार हुबेहूब असाच दिसतो, आणि त्यांत क्षयाचा जंतु मुळींच नसतो. लिंफोमा म्हणजे खुद्द लसिकाग्रंथींचा कर्करोग; त्यांतहि संध्याकाळचा ताप येतो, रात्रीं घाम सुटतो आणि वजन उतरतें. फुप्फुसाचा किंवा दुसऱ्या एखाद्या अवयवाचा कर्करोगहि पसरत पसरत या चौक्यांपर्यंत येतो. स्कॅनवरील सावलींत हीं चारहि दुखणीं पुष्कळदां एकमेकांचे वेष घेऊन उभीं राहतात.

अशा वेळीं अदमासानें औषध दिलें तर काय होतें? गांठ लिंफोमाची असली आणि सहा महिने क्षयाच्या गोळ्या चालल्या, तर तेवढे महिने रोगाला मोकळें रान मिळतें. उलट क्षयाची गांठ सार्कॉइड समजून तिला स्टेरॉइड दिलें, तर शरीराची लढण्याची शक्ति कमी होऊन क्षय उफाळतो. शिवाय तपासणीआधीं स्टेरॉइड दिल्यास लिंफोमाची गांठ कांहीं काळ आकसते, आणि मग तुकडा काढूनहि निदान चुकतें. तिसरा धोका आपल्याकडे विशेष आहे. फुप्फुसाच्या कर्करोगांत मधल्या ग्रंथींपर्यंत रोग पोंचला आहे कीं नाहीं, यावर शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं हें बव्हंशीं ठरतें. पेट स्कॅनमध्यें कर्करोगाची गांठ चमकते. परंतु क्षयाची गांठहि तशीच चमकते. त्या चमकेवर विसंबून ज्याची शस्त्रक्रिया होऊं शकली असती अशा रोग्यास ती नाकारली जाणें, हा केवढा अनर्थ! म्हणून त्या गांठींतला कण बाहेर काढून पाहणें हाच खरा मार्ग होय.

तो कण काढावयाचा कसा, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें वैद्यांस सतावीत होता. जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें गुस्ताव्ह किलियान या वैद्यानें १८९७ सालीं एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेंत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ नळी घालून काढला. तेथून श्वासनलिकेंत डोकावण्याची विद्या सुरू झाली. १९६६ सालीं जपानच्या शिगेतो इकेदा यांनीं वांकणारी नळी प्रचारांत आणली. तीमुळें नलिकेच्या आंतील बाजू उत्तम दिसूं लागली. पण गांठी असतात भिंतीच्या पलीकडे! भिंतीपलीकडची गांठ काढावयाची तर स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनीं १९५९ सालीं वर्णिलेल्या पद्धतीप्रमाणें पूर्ण भूल देऊन गळ्याच्या खळगींत छेद घ्यावा लागे, आणि तेथून नळी छातींत उतरवावी लागे. ही शस्त्रक्रिया चांगली आहे आणि आजहि प्रसंगीं करावी लागते. परंतु तीस शस्त्रक्रियागृह, भूल आणि टांके हें सर्व लागतें. दुसरा उपाय म्हणजे नलिकेंतून अंदाजानें सुई टोंचणें. शेजारींच मोठ्या रक्तवाहिन्या असतां अशी आंधळी सुई चालविण्यास हात फार कसलेला लागतो.

येथें ध्वनि मदतीस आला. आडांत हांक मारली म्हणजे ती पाण्यावर आपटून परत येते, हें लहान मुलांसहि ठाऊक असतें. आपल्या कानांस सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकूं येतो. गरोदर स्त्रीच्या पोटावरून जें सोनोग्राफीचें यंत्र फिरवितात, तें लक्षावधि कंपनांचा आवाज आंत सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतें. मग छातीवरून तेंच यंत्र कां फिरवूं नये? याचें कारण असें कीं हा आवाज पाण्यांतून व मांसांतून उत्तम जातो, पण हवेपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. आणि फुप्फुसें तर हवेनेंच भरलेलीं! तेव्हां युक्ति अशी निघाली कीं यंत्र बाहेरून लावण्याऐवजीं तें इतकें लहान करावें कीं तें श्वासनलिकेंतच उतरवून तिच्या भिंतीला आंतून टेंकवितां येईल. भिंतीच्या पलीकडे दोन-तीन बोटांवर असलेली गांठ मग स्पष्ट दिसते. या नळीनें, प्रत्यक्ष पाहत पाहत, सुईनें गांठींतला कण काढण्याचे अनुभव जपानमधील चिबा विद्यापीठाच्या काझुहिरो यासुफुकू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केले. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. तिचें नांव 'एण्डोब्रॉन्कियल अल्ट्रासाउंड', म्हणजे श्वासनलिकेच्या आंतून केलेली सोनोग्राफी. बोलतांना डॉक्टर तिला 'ईबस' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ती आज नित्याची झाली आहे.

प्रत्यक्षांत काय करतात, तेंहि सांगतों. कारण अर्धी भीति अज्ञानाची असते. रोग्यास सुमारें सहा तास उपाशी ठेवतात. कवळी असल्यास काढून ठेवावयाची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या डॉक्टरांस आधींच सांगावयाच्या. घशांत बधिर करणारें औषध फवारतात आणि शिरेंतून गुंगीचें औषध देतात. कांहीं ठिकाणीं पूर्ण भूलहि देतात. मग सुमारें सात मिलिमीटर जाडीची नळी तोंडावाटे श्वासनलिकेंत जाते. तिच्या टोंकाशीं ध्वनियंत्र असतें, आणि भिंतीशीं नीट सांधा व्हावा म्हणून जरूर तर त्यावर पाण्यानें भरलेला इवलासा फुगा चढवितात. पडद्यावर गांठ दिसते. रक्तवाहिन्यांतील वाहतें रक्तहि रंगानें वेगळें दाखवितां येतें, म्हणजे सुईनें कोठें जाऊं नये तेंहि कळतें. मग एका मिलिमीटरहूनहि बारीक सुई भिंतींतून गांठींत जातांना दिसत असते. असें तीन-चार वेळां करून कण गोळा करतात. अर्ध्या ते एक तासांत काम होतें, टांका पडत नाहीं, आणि रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो. एखादा दिवस घसा दुखतो, खोकला येतो, थुंकींत रक्ताचा एखादा धागा दिसतो. त्याचें भय नाहीं. श्वास लागूं लागला, छातींत दुखूं लागलें, ताप चढला किंवा रक्त अधिक पडूं लागलें, तर मात्र तत्काळ रुग्णालय गांठावें. गंभीर उपद्रव क्वचितच होतो. तो शंभरांत एकासहि होत नाहीं.

हे कण मग तीन वाटांनीं जातात. कांहीं सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहण्यासाठीं, कांहीं जंतूंची वाढ करून पाहण्यासाठीं; या दुसऱ्या कामास कित्येक आठवडे लागतात. आणि कांहीं कण जीन-एक्स्पर्ट नांवाच्या यंत्रांत जातात. या यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं मान्यता दिली. क्षयाचा जंतु आहे कीं नाहीं, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधास तो दाद देईल कीं नाहीं, हें तें सुमारें दोन तासांत सांगतें.

ही परीक्षा सर्वज्ञ आहे असें मात्र कोणी समजूं नये. महारोहिणीच्या बाजूच्या कांहीं गांठींपर्यंत ही नळी पोंचत नाहीं. त्यांतील कांहींस अन्ननलिकेच्या वाटेनें गांठावें लागतें. लिंफोमाच्या कांहीं प्रकारांत सुईचा कण पुरत नाहीं, मोठा तुकडाच लागतो. आणि 'कांहीं सांपडलें नाहीं' याचा अर्थ 'कांहीं नाहीं' असा नव्हे. अशा वेळीं पुढची तपासणी टाळूं नये. जुनी शस्त्रक्रिया अजून उपयोगाची आहे ती याचसाठीं.

हें सगळें आम्हीं त्या रात्रीं नानांच्या ओटीवर सांगितलें. वहिनींनीं शेवटीं एक मार्मिक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "भावोजी, एवढें सगळें करून शेवटीं क्षयच निघाला, तर मुंबईची खेप फुकटच गेली म्हणायची कीं नाहीं?" आम्हीं उत्तर दिलें, "वहिनी, तसें झालें तर क्षय कोणत्या जातीचा, तें तरी कळेल." त्या वेळीं हें उत्तर आम्हांसहि थोडें वादापुरतेंच वाटलें होतें.

आठ दिवसांनीं ती मुलगी, तिचा नवरा आणि नाना आटगांवहून पहांटेच्या गाडीनें मुंबईस गेलीं. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें तेव्हांपासून तेथील पाणी केवळ उताराच्या जोरावर, मोठमोठ्या नळांतून, रात्रंदिवस मुंबईस वाहत आहे. शहापूर तालुक्यांतील माणसाला मात्र मोठ्या दुखण्याच्या निदानासाठीं त्याच दिशेनें जावें लागतें, आणि तें काहीं उताराच्या जोरावर होत नाहीं. त्यास रजा लागते, गाडीभाडें लागतें, बरोबर माणूस लागतो. हातावर पोट असलेल्या कातकरी किंवा ठाकर कुटुंबास तर एका दिवसाचा खाडाहि जड जातो. आपल्यासारख्या शिकलेल्या घरांनीं ही वाट स्वतःपुरती ओळखून न थांबतां, शेजारच्या वाडीवरील रोग्यास ती दाखवावी, हें आपलें कर्तव्य नव्हे काय?

वाटेंत कल्याण लागतें. आपल्या पहिल्या स्त्री-डॉक्टर आनंदीबाई जोशी या मूळच्या याच कल्याणच्या. १८८६ सालीं त्यांनीं अमेरिकेंत पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्याआधीं पांचच वर्षें, २४ मार्च १८८२ रोजीं, रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु जगास दाखविला होता. जंतु कळला होता, पण औषध नव्हतें. त्यांतलें पहिलें प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन, तें १९४३ सालीं सांपडलें. आनंदीबाईंच्या हातीं निदान होतें आणि उपाय नव्हता. आपल्या हातीं उपाय आहेत. मग निदानाचाच कंटाळा करावा, हें आपणांस शोभत नाहीं.

परीक्षेचा निकाल काय लागला? डॉक्टरांचा तर्क खरा निघाला; क्षयच होता. पण तो रिफाम्पिसिनला दाद न देणारा निघाला. पूर्वीं कधीं क्षयाचें औषध न घेतलेल्या माणसासहि असा चिवट जंतु दुसऱ्याकडून लागूं शकतो. कोनाड्यांतल्या त्या पुडीचा मुख्य आधार रिफाम्पिसिनच होता! म्हणजे रोगाचें नांव बरोबर आणि औषध चुकीचें, असा प्रकार झाला असता. आणि सहा महिने गेल्यावर जंतु अधिकच बळावला असता. मुंबई व तिच्या भोंवतालच्या मुलखांत ही भीति काल्पनिक नाहीं. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं बहुतेक सर्व औषधांस न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रोगी २०१२ सालीं जगापुढें मांडले, तेव्हां मोठीच खळबळ उडाली होती. सुदैवानें उपायहि पुढें सरकले आहेत. अशा क्षयासाठीं चार औषधांची, सहा महिन्यांची नवी पद्धत भारत सरकारनें २०२४ सालीं मान्य केली, आणि सरकारी क्षयरोग केंद्रांतून औषधें विनामूल्य मिळतात. शिवाय रोग्यास पोषणासाठीं दरमहा १,००० रुपये मिळण्याची सोय आहे. त्या मुलीस औषध सुरू होऊन आतां चार महिने झाले. ताप गेला आहे, आणि उतरलेल्या वजनापैकीं तीन किलो परत आलें आहे. गोळ्या मात्र अजून दोन महिने, एकहि दिवस न चुकवितां, घ्यावयाच्या आहेत. बरें वाटूं लागलें म्हणून त्या थांबवावयाच्या नाहींत.

शेवटीं घरांतील वडील माणसांस चार शब्द. छातींत गांठ दिसली कीं 'ही कशाची?' असें डॉक्टरांस नम्रपणें पण स्पष्ट विचारावें, आणि पुराव्यावांचून लांब मुदतीचें औषध किंवा स्टेरॉइड सुरू करण्याची घाई करूं नये. रोगी अत्यवस्थ असल्यास डॉक्टर तर्कानेंहि औषध देतात आणि तें योग्यच आहे. पण तेथेंहि आधीं कण काढून घेतां येईल काय, हें विचारावें. निघालेले कण क्षयाच्या जंतूसाठीं व औषधाच्या दादीसाठींहि तपासावयास सांगावे. क्षय निघाल्यास तो लपवूं नये. फुप्फुसांत व्रण नसेल आणि थुंकींत जंतु नसतील, तर केवळ गांठींचा क्षय सहसा दुसऱ्यास लागत नाहीं. ताटवाटी वेगळी करण्याचें तर कांहींच कारण नाहीं. कारण क्षय भांड्यांतून पसरत नसतो.

परवां नानांचें पत्र आलें. नातीच्या लग्नाच्या बोलण्यांत वहिनींनीं पाहुण्यांस आपण होऊन सांगितलें कीं, "घरांत धाकट्या सुनेला क्षय झाला होता, आतां औषध चालू आहे आणि ती बरी होत आहे." पाहुणे काय म्हणाले तें नानांनीं लिहिलेलें नाहीं. बोलणें अद्याप चालू आहे, एवढेंच कळविलें आहे. पाहुण्यांचा होकार येवो वा न येवो, त्या घरांतलें हलक्या आवाजांत बोलणें संपलें, हें आम्हांस पुरेसें वाटतें.